दुसरी ओळ

कॉम्प्युटर बघायला बोलावलं की तो माणूस आधी बटण दाबायचा नाही. दाराशी चपला काढायचा, खिशातल्या रुमालानं हात पुसायचा आणि मग उलटा हात कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीवर ठेवून डोळे मिटायचा. आजारी पोराचा ताप बघतात तसा. आम्ही भोवती गप्प उभे. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणायचा, "नांदतील की दोन्ही. काळजी करू नगा पावणं."

दोन्ही म्हणजे एकाच कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या दोन सिस्टिम. एक कॉम्प्युटरबरोबर येते ती, आणि दुसरी लिनक्स. ह्या दोघींना एका घरात सुखानं ठेवणं हे त्याचं काम. समोर शाळामास्तर असो की फौंड्रीचा मालक, त्याच्या लेखी सगळेच पावणं. त्यामुळं आम्हीही त्याला पावणंच म्हणायला लागलो. खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहायची इच्छा नाही. वयानं तो माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. तोंडावर मी कायम अहो-जाहोच केलं. लिहिताना मात्र 'तो' असंच येतंय, तर येऊ दे.

शिरोली एमआयडीसीत माझं पॅटर्नचं छोटं वर्कशॉप आहे. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत ठसा उमटवावा लागतो, त्यासाठी लागणारा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. पूर्वी आम्ही तो पटाशीनं आणि रंध्यानं करायचो. मग लाकूड कोरणारं मशीन घेतलं. ते मशीन चालायचं लिनक्सवर, आणि गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं उघडायची दुसऱ्या सिस्टिमवर. दोन कॉम्प्युटर ठेवायला जागा नव्हती आणि ऐपतही नव्हती. कुणीतरी म्हणालं, मंगळवार पेठेत एक माणूस आहे, तो दोन्ही एकात बसवून देतो.

हा माणूस मूळचा सूतगिरणीतला इलेक्ट्रिशियन. गिरणी बंद पडली, बायको आजारपणात गेली, एकुलती एक मुलगी मलकापूरला दिली. उरला रिकामा वेळ. त्या वेळात त्यानं हे सगळं एकट्यानं शिकून घेतलं. इंग्रजी जेमतेम, पण पडद्यावर चूक आली की ती अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घ्यायचा आणि दोन दिवसांनी उत्तर घेऊन यायचा.

पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं होतं, हा ड्रायव्हर ड्रायव्हर म्हणता तो असतो तरी काय. त्यानं वर्कशॉपच्या दारातून पलीकडच्या रानातल्या म्हशी दाखवल्या. "म्हस मालकाच्या हाकंला येती, दुसऱ्यानं वरडून घसा फोडला तरी ढिम्म. ह्यो आवाजाचा, ह्यो पडद्याचा, ह्यो प्रिंटरचा, सगळ्या म्हशीच हायत. त्यास्नी नव्या मालकाची हाक कळाय लावणारा गडी म्हंजे ड्रायव्हर." मी तेव्हापासून ड्रायव्हर ह्या शब्दाला घाबरलो नाही.

त्याच्या हातून सुटलेल्या म्हशी कमी नव्हत्या. लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाच्या प्रिंटरनं महिनाभर फक्त उलटं छापलं, गणपती खाली डोकं वर पाय. एका शिक्षिकेच्या लॅपटॉपचा उजेड कमीच होईना, तेव्हा बाई पडद्यावर ओढणी टाकून पेपर काढत बसायच्या. भजनी मंडळाच्या कॉम्प्युटरला आवाज होता, पण फक्त डावीकडून. पावणं प्रत्येकाकडं जायचा, वही उघडायचा आणि सगळ्यांना खोलीबाहेर बसवायचा. बघणारा असला की काम बिघडतं म्हणायचा. तास-दीड तासानं दार उघडायचा तेव्हा त्याच्या तोंडावर जो आनंद असायचा, तो पाहून आपलाच काहीतरी सण असल्यासारखं वाटायचं. पैशाचं विचारलं की त्याला ऐकू यायचं नाही.

माझ्याकडं तो दर दोन-तीन महिन्यांनी यायचा. कारण ठरलेलं. लिनक्सची नवी आवृत्ती उतरली की पडद्याच्या कार्डाचा ड्रायव्हर तिला जुळायचा नाही आणि पडदा काळा व्हायचा. फोन केला की पावणं हजर. त्याची सक्त ताकीद होती, अपडेट आलं की नाही म्हणायचं नाही. आम्ही कशाला नाही म्हणतोय. अकराला आलेला माणूस, त्याचं काम माझी बायको दुपारचा डबा घेऊन येईपर्यंत कधी उरकायचं नाही. ती त्याच्या वाटणीच्या दोन भाकरी जास्तच आणायची. फळ्यांच्या थप्पीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही जेवायचो, मी, तो आणि दोन कामगार. जेवताना तो मुलीबद्दल बोलायचा. ती फोन करते, पण तिच्या घरचा व्याप मोठा, म्हणायचा.

त्याची दुसरी ताकीद जास्त कडक होती. कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर तीन ओळी यायच्या. पहिली लिनक्सची, तिसरी दुसऱ्या सिस्टिमची. मधल्या ओळीवर बोट न्यायचं नाही. एकदा जरी दाबली, तरी आतलं सगळं जाईल. पेठेपासून शिरोलीपर्यंत त्यानं बसवलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ही ओळ होती आणि आम्ही सगळे तिला टाळून खाली-वर जायचो. मी तर त्या ओळीवर पडद्याला चिकटपट्टी लावली होती. त्यानं ती पाहिली आणि हसला. शाब्बास म्हणाला.

आता दत्ताचं सांगतो. दत्ता माझा धाकटा भाऊ. फौंड्रीत साचेकामाला होता, कायम नोकरीत. एका पंप कारखान्याचं काम मला मिळण्याच्या बेताला आलं तेव्हा मीच त्याला बोलावलं. पहिला पॅटर्न बुधवारी दुपारी बारापर्यंत पोचला की वर्षाचं काम आमचं, असं त्यांच्या खरेदीवाल्यानं सांगितलं होतं. एकट्याला ते झेपणारं नव्हतं. दत्तानं राजीनामा दिला. त्याच्या बायकोला ते पसंत नव्हतं, तरी दिला, कारण थोरल्या भावानं सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी लिनक्सची ओळ दाबली आणि पडदा काळा झाला. कोरायच्या सगळ्या फायली लिनक्सच्या बाजूला होत्या आणि दुसऱ्या सिस्टिममधून त्या दिसतच नाहीत. पावण्याला फोन केला. तो मलकापूरला होता, नातवाच्या जावळासाठी गेलेला. मी त्याला सगळं सांगितलं, बुधवार, पंप कारखाना, दत्ताचा राजीनामा. काही दाबून बघू का, असंही विचारलं.

"आजिबात न्हाई," तो म्हणाला. "मधल्या वळीला तर बोटबी लावू नगा. मी उद्या सकाळी पोचतोय."

मंगळवारी सकाळी तो आला नाही. दुपारी फोन केला तर म्हणाला, पाव्हण्यारावळ्यांनी सोडलं नाही, संध्याकाळी निघतो. संध्याकाळी फोन बंद. दत्ता आणि मी हातानं लाकूड कोरायला बसलो. ते आठवड्याचं काम होतं, ते दोघांनाही माहीत होतं, तरी बसलो. बुधवारी बाराला खरेदीवाल्याचा फोन आला. तो चिडलासुद्धा नाही. काम दुसरीकडं दिलंय, पुढं बघू, म्हणाला. दत्तानं पटाशी खाली ठेवली आणि दारात जाऊन उभा राहिला.

त्याच दुपारी मी कॉम्प्युटरचा डबा स्कूटरवर बांधून एका पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये नेला. तिथल्या बाई दरवर्षी मुलांना घेऊन माझं वर्कशॉप बघायला यायच्या, तेवढी ओळख. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि काही न विचारता बाण खाली नेऊन मधल्या ओळीवर एंटर दाबलं. मी ओरडलो. त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. आत चार-पाच नावांची एक यादी होती. त्यातलं वरून दुसरं त्यांनी निवडलं आणि मिनिटभरात माझा पडदा उघडला. सगळ्या फायली जागच्या जागी.

बाईंनी मला समजावलं. नवी आवृत्ती आली तरी जुनी टाकून देत नाहीत, अशा अडचणीसाठी ती मागं ठेवलेली असते, आणि मधली ओळ म्हणजे त्या जुन्याकडं जायची वाट. मग त्या बराच वेळ काहीतरी चाळत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बसवणारा माणूस चांगला जाणकार आहे. नव्या आवृत्तीबरोबर ड्रायव्हर आपोआप जुळतो, तशी सोय असते. इथं ती होती. कुणीतरी हातानं बंद केलीय."

मी त्यांना दोनदा विचारलं, चुकून बंद होऊ शकते का. त्या नाही म्हणाल्या.

घरी येईपर्यंत मला पाच वर्षांतले सगळे काळे पडदे आठवले. बंद दारं, वही, तोंडावरचा आनंद, भाकरी. मला इतकं लाजिरवाणं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. चोरानं घर फोडलं तर माणूस चोराला शिव्या देतो. इथं मी माझ्याच हातानं चिकटपट्टी लावली होती.

गुरुवारी अकराला तो आला. हातात जावळाच्या पेढ्यांचा पुडा. चपला काढल्या, हात पुसले, डब्यावर हात ठेवला. मी त्याला डोळे मिटू दिले. मग कॉम्प्युटर चालू केला, चिकटपट्टी काढलेल्या पडद्यावर मधली ओळ दाबली, यादीतलं दुसरं नाव निवडलं. पडदा उघडला. त्यानं डोळे उघडून तिकडं पाहिलं आणि हात हळूच डब्यावरून काढला.

"ह्या वळीत काय हाय त्ये तुमास्नी ठावं हुतं?" मी विचारलं.

"व्हय."

"मग सोमवारी फोनवर का न्हाई सांगितलं?"

तो रुमालाची घडी घालत राहिला. "दोन दिसानं काय हुतंय असं वाटलं," म्हणाला. आणि मग, "सांगितलं असतं तर मला परत कुणी बोलवलं असतं, पावणं?"

"आमी जेवाय बोलवलं असतं की," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, दोन्हींचा मला संताप आला. दत्ता कोपऱ्यात उभा होता. पावण्यानं त्याच्याकडं पाहिलं आणि चपला घालून गेला. पेढे टेबलावर राहिले.

मी गप्प बसलो नाही, हेही सांगायला हवं. आठवड्याभरात पत्रिकावाला, शिक्षिका, भजनी मंडळ, सगळीकडं स्वतः जाऊन मधली ओळ दाखवून आलो. मला वाटलं होतं, सगळे माझ्यासारखेच पेटतील. पत्रिकावाला हसला. शिक्षिका म्हणाल्या, हे तुम्ही मला सांगायला नको होतं, त्यांचं येणं बरं वाटायचं. पण माहीत झालेलं विसरता येत नाही. हळूहळू त्याला कुणाचे फोन जाईनासे झाले. मंगळवार पेठेतली खोली सोडून तो मलकापूरला मुलीकडं राहायला गेला, असं नंतर कानावर आलं. दत्ताला फौंड्रीत परत घेतलं, पण कंत्राटावर, भट्टीच्या बाजूला. त्याच्या बायकोनं मला कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

गेल्या थंडीत एक अनोळखी नंबर आला. पलीकडं त्याची मुलगी होती. म्हणाली, "काका, बाबांचा कॉम्प्युटर चालू हुईना झालाय. पडदा काळाच राहतोय. बाबा म्हणत्यात, शिरोलीच्या पावण्यास्नी इचार, त्यास्नी जमतंय. येऊन जाशीला काय एकदा?"

बाबा कुठं आहेत, मी विचारलं. इथंच शेजारी बसलेत, म्हणाली.

ज्यानं अख्ख्या पेठेला त्या ओळीपासून लांब ठेवलं, त्याला स्वतःच्या घरात ती सापडत नाही, हे कसं शक्य होतं. तो मला बोलावत होता. माणसाला बोलवायची दुसरी रीत त्याला येतच नव्हती. मलकापूर काही लांब नाही. सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला पोचतो.

मी मुलीला सांगितलं, बंद करून परत चालू कर. तीन ओळी येतील. मधलीवर जा, एंटर दाब, आतल्या यादीतलं दुसरं नाव घे. ती माझ्या शब्दाबरोबर करत गेली. मिनिटभरात म्हणाली, "आलं की काका. झालं सुरू." मागून त्याचा आवाज येईल म्हणून मी फोन कानाला धरून थांबलो. आला नाही.

"आता यायची गरज न्हाई," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

चैत्रात तो गेला. मी मातीला गेलो नाही. दत्ता शिफ्ट बुडवून मलकापूरला जाऊन आला. आल्यावर त्यानं हातपाय धुतले, जेवला, आणि हात वाळेपर्यंत ताटावर बसून राहिला. मग म्हणाला, पावण्याची पोरगी विचारत होती, थोरले आले नाहीत का.

मी विचारलं, काय सांगितलंस.

"कामात हाय म्हणून सांगितलं."

त्या दिवशी मला काहीच काम नव्हतं.