कार्यालयातला हरणटोळ

कोळगावच्या आमच्या कार्यालयात झाडं छाटायला येणाऱ्या गृहस्थांना सगळे काका म्हणतात. नाव मी कधी विचारलं नाही. फांदी तोडण्याआधी ते तिच्यावर उलटा कोयता दोनदा ठोकतात आणि म्हणतात, "कोन हाय का? आसंल तर सरका." मग जरा थांबतात. आम्ही हसायचो.

परवा बोगनवेलीतून खरंच कोणीतरी मान बाहेर काढली. बोटाएवढा जाड, पानासारखा हिरवा हरणटोळ डुलत होता. हा साप माणसाच्या टाळूवरच चावतो आणि मग माणूस वाचत नाही, असं आमच्याकडे मानतात. शिपायाने एका हाताने डोक्यावर फाईल धरली, दुसऱ्या हातात बांबू घेतला. मी घरातला पहिला पदवीधर, तोही प्राणिशास्त्राचा. याच्या विषाने माणूस मरत नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. तरी मी मागेच उभा राहिलो.

काकांनी डोक्याचं फडकं सोडलं आणि आपलं टक्कल सापापासून वीतभर अंतरावर नेलं.

"घे बाबा, चाव. केसांचा पन तरास नाय."

साप नुसता डुलत राहिला. शिपायाला हसू फुटलं. बांबू खाली आला.

"काका, खातो काय हा?"

"सरडे, बेडूक. तुजा डबा नाय खात."

सापाची फांदी तेवढी ठेवून काका उरलेली वेल छाटू लागले. तेव्हा कुठे मी पुढे झालो आणि शिपायाला म्हणालो, "काका खरं सांगतायत. याच्या विषाने माणूस मरत नाही, मी शिकलोय हे."

काकांनी कोयता थांबवला. "मंग आदी बोलायचं ना, सायेब! माजं टक्कल कशाला पुढं करवलं?"