तळेघरची पत्रिका

लग्नाची पत्रिका वाटणं म्हणजे पोस्टमनचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती कधी वाटलेली नसते. वारूळवाडीचा सावळाराम त्रेचाळीस वर्षं वाटत होता. पगाराची नोकरी त्याने सोसायटीत शिपाई म्हणून केली, ती संपूनही सात वर्षं झाली. पण गावात त्याला ओळखत ते पत्रिकांवरून. कुणाच्या घरी लग्न ठरलं की ओझरच्या गणपतीपुढे पहिली पत्रिका ठेवायची आणि बाकीची पिशवी सावळारामच्या खांद्याला द्यायची, ही रीतच पडून गेली होती.

त्याला सगळ्यांची नाती तोंडपाठ होती. कोणत्या भावकीत थोरल्याला आधी द्यायची, कोणता पाहुणा मागच्या लग्नात रुसून गेला म्हणून त्याच्या ओट्यावर जरा जास्त वेळ बसायचं, कुणाला एका माणसाचं आमंत्रण आणि कुणाला चुलीला आवतान, म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं, हे त्याला यादी न बघता सांगता येई. त्याचा नियम एकच. पत्रिका घरच्या माणसाच्या हातात द्यायची, आवतान तोंडाने सांगायचं आणि त्या घरचं पाणी पिऊन उठायचं. बंद दाराच्या कडीत अडकवलेली पत्रिका म्हणजे न दिलेली पत्रिका.

या कामापायी त्याच्या स्वतःच्या घरचं बरंच काही त्याच्याविना घडलं. थोरली स्नेहल जन्मली तेव्हा तो ओतूरकडे कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओट्यावर चहा पीत होता. तिसऱ्या दिवशी घरी आला तर बायको म्हणाली, "या पावणं, बसा. बारशाचं आवतान द्यायचंच राह्यलं व्हतं तुमाला." धोंडाबाईने ते वाक्य पुढे तीस-पस्तीस वर्षं पुरवून वापरलं. मुलगा भरत दहावी पास झाला त्या दिवशी सावळाराम बेल्ह्याला, सासू गेली त्या दिवशी निमगावला. आता भरत चाकणला कंपनीत होता, स्नेहल मंचरला सासरी, आणि सावळाराम पासष्ट वर्षांचा. गुडघ्यांत वाळू भरल्यासारखी वाटे. एसटीच्या पायऱ्या चढताना तो दांडीला धरून क्षणभर थांबे, आणि मागून कंडक्टर म्हणे, "चला बाबा, चला."

लोकही बदलले होते. फाटकाला कुलूप, वर कॅमेरा. आतून कुणाची तरी सून म्हणे, "ठेवा ना तिथं खुर्चीवर." खुर्चीवर ठेवून तो निघे आणि दिवसभर त्याला चुकल्यासारखं वाटत राही.

फाल्गुनात रखमाजीच्या सार्थकचं लग्न ठरलं. रखमाजी म्हणजे सावळारामचा लहानपणापासूनचा सोबती, घर दोन गल्ल्या सोडून. त्याच्या घरातलं हे शेवटचं कार्य. थोरली वृषाली बारा वर्षांपूर्वी सासरी गेली होती.

ओसरीवर यादी वाचायला बसले. रखमाजीची बायको प्रयागबाई पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावत होती. सार्थक मोबाईल हातात घेऊन दारात उभा.

"काका, कशाला उन्हात हिंडता? ग्रुपवर टाकतो, लोकेशनसकट. एका मिनिटात सगळ्यांना."

"टाक की," सावळाराम म्हणाला. "आन् जेवायला पण ग्रुपवरच बोलीव."

प्रयागबाई हसली. रखमाजी नावं वाचत गेला. आळे, पिंपळवंडी, मंचर, घोडेगाव. घोडेगावनंतर यादी संपली.

सावळारामने घसा साफ केला. "तळेघरचं नाव राह्यलं."

"राह्यलं न्हाई. घेतलंच न्हाई." रखमाजीने कागदाची घडी घातली. "पोरीच्या लग्नात मंगलाष्टकं थांबवून ठिवली व्हती मी. बामन घड्याळ बघाया लागला तरी म्हनलं, थांबा, आमचा बहिरू यायचाय. न्हाई आला. सांगावा न्हाई, काय न्हाई. आता त्याला कशाला बोलवायचं?"

सावळाराम पत्रिकांचा गठ्ठा सारखा करू लागला. बारा वर्षं तो या ठिकाणी असाच गप्प बसत आला होता.

बहिरू डोंगरातल्या तळेघरच्या वरच्या वाडीचा. या दोघांशी त्याची ओळख कालव्याच्या कामावर झाली. तिघेही तेव्हा विशीतले, हजेरीपटावर ओळीने नावं. दुपारी एकाच झाडाखाली भाकरी सोडत. रखमाजीची बाजरीची, बहिरूची नाचणीची, आणि दोघांच्यातली अर्धीअर्धी सावळारामची, कारण त्याची स्वतःची दहा वाजताच संपलेली असे. पुढे कालव्याचं पाणी रखमाजीच्या रानात आलं, द्राक्षं आली, टोमॅटो आले. बहिरूच्या भातखाचरांना पावसाचं पाणी ते पावसाचंच राहिलं. तरी दरवर्षी भात झोडून झालं की बहिरू पोतंभर तांदूळ घेऊन एसटीने खाली यायचा, दोन दिवस राहायचा, आणि रखमाजी उन्हाळ्यात कांदे-बटाटे घेऊन वर जायचा. वृषालीच्या पाचवीला बहिरूच्या बायकोने, इंद्रायणीने, नाचणीचं पीठ धाडलं होतं. बहिरूच्या मोहिनीच्या लग्नात रखमाजी पंगतीत वाढायला होता.

वृषालीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन सावळाराम तळेघरला गेला तेव्हा बहिरूची पत्रिका पिशवीत शेवटची उरली होती. सकाळपासून तीन वाड्या चालून झाल्या होत्या. टाचेला फोड आला होता. बहिरूची वाडी तिथून तासाभराची चढण, आणि खाली जाणारी एसटी साडेचारची. टपरीवर त्याला त्याच वाडीचा भागू भेटला, गिरणीत दळण घेऊन आलेला. सावळारामने पत्रिका त्याच्या हातात दिली. "बहिरूला दे आन् सांग, चुलीला आवतान हाये." भागू म्हणाला, "देतो की." सावळाराम एसटीत बसला, बूट काढला आणि झोपला. घरी आल्यावर रखमाजीने विचारलं, "बहिरूला दिली?" तो म्हणाला, "दिली."

तो एक शब्द. लग्नात बहिरू दिसला नाही तेव्हाच सावळारामला कळलं की काय झालं असावं. सांगायला गेलो तर कार्यात बोभाटा, म्हणून त्या दिवशी गप्प बसला. मग पूजा होऊ दे म्हणून, मग बहिरू तांदूळ घेऊन आला की आपोआप उलगडेल म्हणून. त्या वर्षी तांदूळ आला नाही. नंतर कधीच आला नाही. आणि गाव म्हणत राहिलं, "सावळारामची पत्रिका चुकत न्हाई."

यादी वाचली त्या दिवशी निघताना त्याने गठ्ठ्यातली एक कोरी पत्रिका जास्तीची उचलली. घरी पेनाने तिच्यावर बहिरूचं नाव घातलं. शेवटचं कार्य होतं. आता नाही तर पुढे बोलवायला काही उरणार नव्हतं.

"कुठं?" पिशवी बरीचशी वाटून झाल्यावर एका सकाळी तो निघाला तेव्हा धोंडाबाईने विचारलं.

"तळेघर."

"रखमाभावजींनी सांगितलं?"

"न्हाई."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग दोन भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. "चढ हाये तिथं. बसत बसत जा."

नारायणगावहून मंचर, मंचरहून घोडेगाव, तिथून पाऊण तास थांबून पुढची गाडी. डिंभे धरणाचं पाणी खिडकीतून बराच वेळ दिसत राहिलं. तळेघरला उतरला तेव्हा एक वाजला होता. चढण बारा वर्षांपूर्वी तासाची होती, ती त्याला दोन तासांची झाली. कापणी होऊन महिने झाले होते. खाचरं वाळून भेगाळलेली. प्रत्येक वळणावर तो बसला. एकदा तर उठावंसंच वाटेना. तसाच दगडावर बसून त्याने एक भाकरी खाल्ली.

बहिरू अंगणात दोरी वळत होता. केस पांढरे, बाकी तोच. त्याने मान वर केली, ओळखलं आणि पुन्हा दोरीकडे बघितलं.

"इंद्रायणे, पानी आन. वारूळवाडीचं पावणं आलंय."

सावळाराम पाणी प्यायला. पत्रिका पुढे केली. "रखमाच्या सार्थकचं लगीन. चुलीला आवतान."

बहिरूने पत्रिका घेतली नाही. "रखमानं धाडली का तू आनली?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. "मी आनली," सावळाराम म्हणाला. मग थांबता येईना म्हणून तसाच पुढे बोलत गेला. फोड, एसटी, भागू, टपरी आणि तो एक शब्द, सगळं. बोलून झाल्यावर त्याला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. फक्त तहान लागली.

"भागू दळन घिऊन बहिनीकडं गेला, तिकडंच आठ दिस," बहिरू म्हणाला. "पत्रिका मला लगीन झाल्यावर चौथ्या दिशी घावली. पिठानं भरल्याली."

"म्हंजी तुला ठावं व्हतं?"

"व्हतं की."

"मग सांगायचं न्हाई? खाली यायचं, रखमाला म्हनायचं, सावळ्यानं असं असं केलं."

"लगीन झाल्यावर पत्रिका नाचवीत जाऊ? आहेर मागाया आल्यावानी?" बहिरूने दोरीला पीळ घातला. "आदी तुझाच राग आला. वरीसभर. मंग वाटाया लागलं, पत्रिका तुझ्याकडून राह्यली, पन रखमाला विचाराया कोन न्हाई म्हनत व्हतं का? मी जिता हाये का मेलो, एक डाव तरी यायाचं. इतक्या गाड्या झाल्या त्याच्याकडं. त्यो न्हाई आला. मंग मी बी न्हाई गेलो. त्याला तू काय करशील?"

 बारा वर्षं सावळारामने सगळा भार एकट्याचा मानून वाहिला होता. आता त्यातला निम्मा दुसऱ्यांचा निघाला, तरी आपला निम्मा काही कमी झाला नाही, असं त्याला वाटलं.

"ही ने परत," बहिरू म्हणाला. "ज्याच्या घरचं कार्य त्यानं सांगावं. आन् तू मला सांगितलं ते त्याला सांग. न्हाईतर मी काय येत न्हाई."

इंद्रायणीने चहा दिला. म्हणाली, "आज ऱ्हावा भाऊ, पाय बगा केवढं सुजल्यात." पण तो उठला. उतरताना गुडघे चढण्यापेक्षा जास्त दुखतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रखमाजीच्या ओसरीवर गेला. रखमाजी दाढी करत होता. प्रयागबाई गहू निवडत बसली होती. सावळारामने पिशवी खाली ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं. या वेळी थोडक्यात.

रखमाजीचा हात थांबला. अर्ध्या गालाला फेस तसाच.

"मी तुला इचारलं व्हतं," तो म्हणाला. "दिली म्हनला व्हतास तू."

"व्हय."

"रोज माझ्या दारात बसतोस. बारा वर्सं. माझ्यासंगं त्याला शिव्या घातल्यास तू."

"शिव्या न्हाई घातल्या."

"गप बसलास. त्येच त्ये."

प्रयागबाईने सूप बाजूला ठेवलं. "अवो, पन तुमी तरी कवा गेला बगायला? मी दर साली म्हनायची, एकदा जाऊन या. तर म्हनं, मी का जाऊ? आता भाऊजींवर वरडताय."

रखमाजीने तिच्याकडे बघितलंच नाही. फेस पुसला, खाली वाकून पिशवी उचलली आणि सार्थकला हाक मारली. "ह्या ऱ्हायल्याल्या तू वाट. दोस्तांना घे संगं."

"बाबा, मला घरं कुठं माहितीत?"

"इचारत जा."

"रखमा, चाळीसच घरं राह्यलीत," सावळाराम म्हणाला. "तेवढी करतो मी."

"नगं."

आवाज चढवलेला नव्हता. सावळाराम रिकाम्या खांद्याने घरी आला.  धोंडाबाईने पाणी तापवलं, त्याचे पाय बादलीत सोडले आणि शेजारी बसून लसूण सोलत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता घरी ऱ्हायाची सवय लावा. मला पन लावावी लागंल."

त्याच दिवशी रखमाजी प्रयागबाईला घेऊन गाडीने तळेघरला गेला. हे सावळारामला गल्लीतल्या पोरांकडून कळलं. दुपारी त्याला झोप लागली नाही. वाडीच्या कोणत्या वळणावर गाडी थांबेल, तिथून किती चालावं लागेल, रखमाला ते झेपेल का, याचाच हिशोब तो करत बसला.

संध्याकाळी गाडी त्याच्या दाराशी थांबली. रखमाजी उतरला नाही. काच खाली केली.

"येतो म्हनला."

"सगळी?"

"त्यो आन् इंद्रायनी. लेकरं कामाला हायेत, त्यांना सुट्टी न्हाई." रखमाजी समोर बघत बोलत होता. "दोन तास बसलो. काय बोलायचं त्येच कळंना. त्यो म्हनला, द्राक्षं कशी हायेत. म्या म्हनलं, काढली चार वर्सांमागं. त्याला ठावं नव्हतं. त्यानं सांगितलं, थोरला ल्योक गेला. कोरोनात. मला ठावं नव्हतं."

मागच्या सीटवर प्रयागबाईने पदर डोळ्यांना लावला.

सावळाराम गाडीच्या दाराला हात टेकून उभा राहिला. बहिरूच्या अंगणात काल तो तासभर होता. थोरल्याचं नाव त्यानेही काढलं नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"माझं काय म्हनला?" त्याने विचारलं.

"तुझं नाव निघालं न्हाई." रखमाजीने गाडी सुरू केली. मग काच वर करता करता थांबला. "लग्नाला ये. उगा घरात बसू नको."

गाडी वळून गेली. सावळाराम तिथेच पायरीवर टेकला. आतून धोंडाबाईने हाक मारली, की भाकरी गार होतेय. पहिल्या हाकेला त्याला उठता आलं नाही. दुसऱ्या हाकेला त्याने भिंतीला हात लावला आणि उठला.