चुना पुसेपर्यंत

चेनसॉच्या चेनला कानशीने धार लावली की खाली लोखंडाचा भुगा पडतो. तो कितीही झाडा, संपत नाही. संध्याकाळी व्हाइसखालचा सगळा गोळा करून टाकावा, तर सकाळी टाचेला चिकटलेला असतोच. आमच्या दुकानातल्या किश्शांचं असंच आहे. मी काही ते जमवायला गेलो नाही, ते साचले. बायको म्हणते, "तुम्ही दुकान उघडलंयत की गजालींचा अड्डा?" बरं, ती स्वतः दुपारच्या वेळी दुकानात पाऊल ठेवत नाही. का, ते येईलच पुढे.

दुकान रत्नागिरीच्या बाहेर, आरे-वारेच्या रस्त्याला. चेनसॉ, ग्रास कटर, पाण्याचे पंप, जे बिघडेल ते मी दुरुस्त करतो. धार लावायचं काम मात्र नानांचं, आमच्या जुन्या कारागिराचं. नाना डावखुरे. दाराशी बाकावर बसायचे, मशीनचा बार, म्हणजे चेन फिरते ती लांब पट्टी, व्हाइसच्या पकडीत धरायचे आणि गोल कानशीने एकेक दात घासायचे. दोन घासे, एक फुंकर. दोन घासे, एक फुंकर. धार लावायचं इलेक्ट्रिक मशीन आणू या, असं मी एकदा सुचवून बघितलं.

"मशीन दात बगत नाय," म्हणाले. विषय संपला.

दिल्या हा नानांचा मुलगा. हा झाडं पाडतो. नानांचा धाकटा भाऊ झाडाखाली सापडून गेला होता, कुऱ्हाडी-करवतीच्या काळात. त्यामुळे दिल्याने हा धंदा करू नये असं नानांचं म्हणणं, आणि मला दुसरं येतं काय, असं दिल्याचं. शेवटी तोडगा निघाला. रोज सकाळी दिल्याची चेन नानांच्या हाताखालून गेल्याशिवाय त्याने कामाला निघायचं नाही. "बोथट चेन माणूस खाते," हे नानांचं ठरलेलं वाक्य. दिल्याच्या पोरीलाही ते पाठ होतं. बालवाडीत बाईंनी बडबडगीत म्हणायला सांगितलं, तर तिने उभं राहून हेच म्हटलं.

बाईंनी दिल्याला शाळेत बोलावून घेतलं होतं.

*

चेन गोल असते. कुठल्या दातापासून सुरुवात केली ते विसरलं, की एखादा दात दोनदा घासला जातो आणि एखादा तसाच राहतो. लोक मार्करने खूण करतात. नानांच्या खिशात तंबाखूची डबी असायची, म्हणून ते पहिल्या दाताला चुन्याचं बोट लावायचे. फेरा पूर्ण होऊन चुना परत समोर आला, की तो अंगठ्याने पुसायचा आणि मशीन खाली ठेवायचं. आमच्या दुकानात एकच नियम होता: दातावर चुना दिसतोय तोवर मशीनला कोणी हात लावायचा नाही.

एक आंबा बागायतदार होते, कायम घाईत. नाना समोर चहा प्यायला गेले होते, तेवढ्यात यांनी व्हाइसमधून मशीन काढलं, "झालं असेल की," म्हणाले आणि बाहेर पडलेल्या फणसाच्या ओंडक्यावर चालू केलं. अर्धी चेन धारदार, अर्धी बोथट. मशीन उसळलं आणि गृहस्थांची पँट कमरेपासून गुडघ्यापर्यंत उभी चिरली. कातडीला ओरखडासुद्धा नाही. ते एका हाताने पँट धरून पांढरेफटक उभे राहिले.

नाना चहाचा ग्लास घेऊन आले. आधी चेनकडे बघितलं. फिरलेल्या चेनवर चुना कसला राहतो, पहिल्याच झटक्यात उडतो, उरलासुरला तेलात धुऊन जातो.

"चुना उडाला," नाना म्हणाले. "आता परत पयल्यापासना."

*

एकदा झाडं तोडणारा एक कटरवाला चेन घेऊन आला. दात एका बाजूने सगळे तुटलेले. जुन्या चिंचेत खिळा लागला म्हणाला. झाडात खिळे निघतातच, कुंपणाची तार निघते, कुणी मारलेला पाट्यांचा पत्रा निघतो. पण हा खिळा वीतभर लांब, चौकोनी, लोहाराने घडवलेला. तो खिशातून काढून त्याने आम्हाला दाखवला.

आमच्याकडे पूर्वी कुणाला बाधा झाली की जाणता माणूस ती झाडाला खिळवून टाकायचा. म्हणजे मंत्र म्हणून झाडात खिळा ठोकायचा आणि जे काय असेल ते तिथे अडकवून ठेवायचं. आता कुणी करत नाही, पण खिळे आहेत तिथेच आहेत.

नाना दोन दात घासून थांबले. "खिळा तुज्याकडे आला," म्हणाले. "ज्याला खिळवलानी हुता, त्यो कुटं गेला?"

कटरवाला मोठ्याने हसला. चेन घेऊन गेला. संध्याकाळ व्हायच्या आत परत आला, खिळा माझ्या काउंटरवर ठेवला. "तुमच्याकडेच असू दे," म्हणाला आणि मागे न बघता गाडीला किक मारली.

तो खिळा अजून माझ्या फळीवर आहे. मी अशा गोष्टी मानत नाही. पण दर दिवाळीत आम्ही दुकान धुतो, तेव्हा सगळ्या फळ्या पुसतो आणि खिळ्याच्या भोवतीने पुसतो.

*

मोठं झाड पाडायच्या आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला आणि जागेच्या राखणदाराला सांगायचं, की बाबा, आम्ही हे काम करतोय, काही चुकलं तर पदरात घे, माणसाला सांभाळ. आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायचं.

हेदवीच्या बाजूला एका मुंबईकराच्या बागेत दिल्याचं काम होतं. नानाही सोबत गेले होते. नाना नारळापुढे उभे राहून गाऱ्हाणं घालत होते, मागे दिल्या आणि बागेचे मालक. जंगल वाढलेलं, सकाळची वेळ असूनही अंधारल्यासारखं. नाना म्हणाले, "ह्या लेकराला संबाळून घे," आणि मागून दोघांनी म्हटलं, "व्हय महाराजा." नाना म्हणाले, "तुजी जागा तुला, आमचा माणूस आमाला." परत दोघांचा आवाज, "व्हय महाराजा." दिल्या मला सांगत होता, की मालकांचा आवाज एवढा खर्जातला असेल असं वाटलं नव्हतं.

नारळ फोडून वळतात तर मालक वरच्या पायवाटेने धावत खाली येतायत, हातात मोबाइल.

"सॉरी हं," म्हणाले, "ऑफिसचा फोन होता, रेंजसाठी पार रस्त्यावर जावं लागलं. गाऱ्हाणं सुरू करायचं का?"

दिल्याने त्या दिवशी झाडाला हात लावला नाही. नाना मात्र खूश होते. म्हणाले, "त्याने व्हय म्हटलान ना? मग बास."

*

मागच्या वर्षी गणपतीनंतर नानांची छाती भरली. दवाखान्यात ठेवलं. तिथेही सकाळ झाली की एकच धोशा, दिल्याची चेन आणा. दिल्या बिचारा बारवरून चेन उतरवून, धुऊन, पिशवीत घालून घेऊन जायचा. नाना उशीला टेकून, मांडीवर वर्तमानपत्र पसरून, लाकडाच्या तुकड्यावर चेन धरून कानस फिरवायचे. हाताला सलाइन.

सिस्टर एकदा चिडल्या. "काका, हा दवाखाना आहे, वर्कशॉप नाही."

"तू सुई टोचायच्या आदी बगतेस ना गो, सुई बरोबर हाय का?" नाना म्हणाले. "मग मला बगू दे."

त्यानंतर सिस्टर पडदा ओढून द्यायच्या, डॉक्टरांना दिसू नये म्हणून.

शेवटच्या सकाळी मीही होतो. नानांनी पहिल्या दाताला चुना लावला, अर्ध्याच्या थोडं पुढे गेले आणि कानस खाली ठेवली. दम लागला होता. मला म्हणाले, "बाळ्या, दिल्याच्या चेनवर लक्ष ठेव. फेरा व्हायचाय अजून." दुपारी गेले. मला फार लागलं ते. माझ्या वडिलांच्या वेळी मी एवढा रडलो नव्हतो.

ती चेन दिल्याने कुणाला पूर्ण करू दिली नाही, स्वतःही केली नाही. दुकानात भिंतीवर टांगून ठेवली. चुन्यासकट.

*

आता दुपारचं सांगतो.

नाना गेल्यावर काही आठवड्यांनी, जेवणाच्या वेळेला, दुकानामागच्या फणसावरून आवाज आला. दोन घासे, एक फुंकर. दोन घासे, एक फुंकर. बायको माझा डबा घेऊन आली होती. डबा तिच्या हातातून पडला. आमटी माझ्या कार्ब्युरेटरवर.

दिल्या काठी घेऊन मागे गेला आणि हसत परत आला. भृंगराज होता. काळा पक्षी, शेपटीला दोन लांब तारा. हा पक्षी कुणाचीही नक्कल करतो, मांजराची, कोंबडीची, अगदी मोटरसायकलचीसुद्धा. वर्षानुवर्षं फणसावर बसून नानांचं ऐकत शिकला असणार. आम्ही सगळे पोट धरून हसलो. बायकोला चिडवायला मला निदान महिनाभराचं भांडवल मिळालं. गिऱ्हाईक आलं की मी सांगायचो, "आमचा नवीन कारागीर ऐका."

पुढे शेजारच्या बोक्याने तो पक्षी मारला. काळी पिसं आणि त्या दोन तारा मीच उचलून माडाच्या बुडात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला परत दोन घासे, एक फुंकर. त्या आठवड्यापासून दुकान दुपारी बंद असतं. बाहेर पाटी लावली आहे: जेवणाची सुट्टी.

*

नाना नाहीत म्हटल्यावर दिल्या स्वतःच धार लावायला लागला. तो उजव्या हाताचा. माणसाचा हात एका बाजूला जोर देतो, त्यामुळे एका बाजूचे दात जास्त चांगले लागतात आणि काप त्या बाजूला ओढतो. नानांच्या चेनचा काप डावीकडे जायचा, दिल्याचा उजवीकडे. धंद्यातला माणूस नुसता दात बघून सांगेल, ही कुणाच्या हातची चेन. मी दर सकाळी त्याची चेन बघायचो. नानांना तसा शब्द दिला होता. दिल्या वैतागायचा, पण दाखवायचा.

यंदा मे महिन्यात त्याला एक रायवळ आंबा पाडायला मिळाला. घरावर झुकलेलं जुनं झाड. त्या सकाळीही मी त्याची चेन बघितली. व्यवस्थित होती, उजव्या हाताची. तो गेला.

जेवायची सुट्टी करून मी शटर ओढणार, एवढ्यात दिल्या आला. मशीन छातीशी धरलेलं, अंगभर लाकडाचा भुगा, ओठ कोरडे. पाणी दिलं, ते एका दमात संपवलं.

"भाऊ, वाचलो," म्हणाला.

झाडाची पुढची खाच झाली होती. मग तो मागून काप घालायला लागला. अर्ध्यावर आला आणि चेन कापेनाशी झाली. इंजिन बोंबलतंय, चेन फिरतेय, पण ढलप्या पडायच्या त्याऐवजी नुसतं पिठासारखं भुसकट. म्हणजे धार गेली. कुणीही दुसरा असता तर मशीन रेटलं असतं, थोडंच तर राहिलं होतं. पण लहानपणापासून कानात बसलेलं वाक्य, बोथट चेन माणूस खाते. त्याने मशीन बंद केलं, बाहेर काढलं आणि कानस आणायला पिशवीकडे गेला. पिशवी गड्याजवळ, लांब. तो खाली वाकला आणि मागे बंदुकीसारखा आवाज झाला. खोड मधोमध उभं फाटलं आणि त्याचा बुंधा मागे उसळला. दिल्या जिथे उभा होता, बरोबर तिथे. माती एवढी खोल उकरली गेली, की गडी आधी खड्ड्यात दिल्याला शोधायला लागला.

"धार गेली म्हणून वाचलो, भाऊ. एकदम गेली. खिळा नाय, दगड नाय, काय नाय."

मी मशीन घेतलं आणि दारातल्या उजेडात नेलं. दातावरून अंगठ्याचं नख हलकं ओढलं. धारदार दात नख सोलतो, बोथट नुसता घसरतो. नखाचा पापुद्रा निघाला. पुढचा दात. निघाला. त्याच्या पुढचा. निघाला. वस्तऱ्यासारखी धार होती, आणि दात डाव्या हाताचे होते.

"दिल्या, तू तिथे कानस फिरवलीस?"

"कदी? पिशवी उगडायच्या आदीच झाड आलं."

"ही चेन कुठली घातलीस?"

"माजीच. सकाळी तुमीच बगितलीत ना."

मी भिंतीकडे बघितलं. नानांची अर्धी राहिलेली चेन तिथे टांगलेली होती तशीच, धूळ बसलेली, चुना सुकून त्याचे पोपडे सुटलेले. मी हातातली चेन बारवरून पुढे सरकवली. एकेक दात उजेडात येत गेला. अर्ध्याच्या थोडं पुढे गेल्यावर एक पांढरा दात वर आला.

दिल्या तंबाखू खात नाही. त्याचा गडीही खात नाही.

मी बोट लावलं. चुना ओला होता.

दिल्याने माझं बोट बघितलं. मग त्याने माझ्या हातातलं मशीन घेतलं आणि दाराशी, नानांच्या बाकावर, अलगद ठेवलं.

"ऱ्हाव दे, भाऊ," म्हणाला. "नानांचा फेरा व्हायचाय अजून."