चतुराबाई आणि सहावं काडतूस

घरातल्या लग्नाच्या हळदीत नातीने चतुराबाईच्या हातात बंदूक देऊन फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. दुसऱ्या दिवशी आष्टीहून पोलिसांची गाडी आली आणि बंदूक घेऊन गेली.

बंदूक चतुराबाईच्या बापाची, बंकटची; त्याच्या माघारी तिच्याकडे आलेली. निजामाचं राज्य गेलं तेव्हा गढीवरच्या एका शिपायाने दोन मेंढ्या घेऊन ती बंकटला दिली होती. सोबत सहा काडतुसं. पाच बंकटने लांडग्यांवर झाडली. सहाव्याच्या वेळी तो तापाने फणफणला होता. भर दुपारी लांडगा कळपात शिरला आणि पंधरा वर्षांच्या चतुराने बंदूक उचलली. लांडगा जागेवर पडला, पोरीचा खांदा निखळला. सासरी ही गोष्ट कुणाला खरी वाटली नाही, लोक साठ वर्षं हसत आले. तिने सांगणं काही सोडलं नाही.

बंदूक सोडवायला ती ठाण्यात गेली तेव्हा सोबत सून मोहिनी होती. आयटीआयची टर्नर, लेथवर काम करणारी. फौजदार समजुतीने बोलले. विनापरवाना बंदूक म्हणजे गुन्हा, पण जुन्या, निकामी शस्त्राला कायद्यात सवलत आहे. आजींनी ‘बंदूक नादुरुस्त आहे’ एवढं लिहून द्यावं आणि घरी न्यावी.

मोहिनीने लगेच पेन काढलं. चतुराबाईने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

“नादुरुस्त कावून? मंग मी काय फटाका उडवला होता का?”

“आत्या, नुसता एक शब्द हाय.”

“तुला शब्द हाय. माजा खांदा हाय.”

मोहिनीला राग आला, पण बंदुकीखालचा दांडा तिने सहज ओढून पाहिला तर आतला ठोकळा अलगद खाली झुकला. एवढं जुनं यंत्र आणि जराही खडखड नाही. ही आहे तरी कोणती, हे मोजून सांगते, असं ती म्हणाली. फौजदारांनी दुपारपर्यंत मुभा दिली.

नळीच्या आतला ठसा घ्यायला तिने बाजारातून गंधकाचे खडे आणले. नळीत पुढे चिंधीचा बोळा ठासला, ठाण्याच्या चहाच्या शेगडीवर गंधक वितळवून मागून ओतला. वासाने अर्धं ठाणं खोकत बाहेर गेलं. चतुराबाई नाकाला पदर लावून बंदुकीपाशीच बसून राहिली.

थंड झालेला पिवळा ठसा बाहेर आला तो बाटलीच्या आकाराचा. बूड सतरा मिलिमीटर, मान अरुंद, पुढे नळीतल्या पिळदार खाचांचे सात आटे उमटलेले. व्हर्नियर मोजपट्टीने नळी साडेअकरा मिलिमीटरच्या जरा आत भरली. बाजूच्या पत्र्यावर मुकुट आणि १८७८ साल होतं. मोबाईलवर शोधलं तर सगळं जुळलं: मार्टिनी-हेन्री, चारशे पन्नास बोअर, विलायती फौजेची. मोहिनीने नगरच्या आणि बीडच्या बंदूकवाल्यांना फोन लावले. अशी गोळी आपण जन्मात विकली नाही, असं दोघांनीही सांगितलं.

मग तिने कागदावर लिहिलं: यंत्र शाबूत. या मापाची गोळी बाजारात मिळत नाही.

फौजदारांनी कागद दोनदा वाचला. ‘शाबूत’ लिहिलं की बंदूक तपासणीला जाणार, गुन्हा नोंदवावा लागणार. परत कधी मिळेल याचा भरवसा नाही. तो एक शब्द खोडा, आत्ता घेऊन जा.

मोहिनीने सासूकडे पाहिलं. सकाळी तिने स्वतःच खोडला असता. आता ते सात आटे तिने डोळ्यांनी पाहिले होते.

“न्हाई खोडायचा, सायेब,” चतुराबाई म्हणाली. “खोटं लिवून घरी न्यायची, अन् रोज तिच्याकडं बघायचं. त्यापरीस ऱ्हाऊ द्या इथंच.”

फौजदारांनी मान हलवली आणि हवालदार शहादेवला फॉर्म भरायला सांगितला. शस्त्राचा प्रकार, लांबी, बोअर. मोहिनी एकेक आकडा सांगत गेली. मग शहादेव थांबला.

“शेवटचा वापर कुणी केला?”

मोहिनीने सासूचा दंड दाबला. सासूचे वडील वारलेले, त्यांचं नाव सांगितलं तर कुणाला काही झालं नसतं.

“मी,” चतुराबाई म्हणाली. “लिवा. चतुरा बंकट. वय पंधरा. एक लांडगा.”

शहादेवने फौजदारांकडे पाहिलं. त्यांनी ‘लिही’ अशी खूण केली. त्याने लिहायला घेतलं, आणि चतुराबाई टेबलावर वाकून त्याचा पेन कसा चालतोय ते बघत राहिली.