डोस्कं मोजणाऱ्या सायबाचं सोंग

माझ्या डोस्क्यात भुसा हाय, हे मी जल्मभर लोकांना सांगत आलो. फुकट न्हाई सांगितलं, त्येच्यावर पोट भरलं. आमी बहुरूपी. बापानं फौजदाराचं सोंग आणलं, मी बी तेच आणलं. गावात शिरायचं, चहात पाणी घातलं म्हणून चहावाल्याला अटक करायची, आन् मंग आपल्याच शिट्टीला दचकून गटारात पडायचं. मला सही येती, त्येच्याफुडं काय येत न्हाई. एकदा एस्टीची पाटी न वाचता बसलो आन् आष्टी समजून भलत्याच गावात उतरलो. दुपारपत्तोर "मी आष्टीचा फौजदार" म्हणत फिरत होतो. लोक म्हणले, "मंग हितं कावून आला बे?" मला वाटलं, लई रंगलंय सोंग.

बापानं दोन गोष्टी शिकवल्या. एक, सोंगात एक खोट ठेवायची. फौजदाराच्या पायात फाटकी चप्पल, डॉक्टरच्या गळ्यात सुतळी. माणसाला ती दिसली पायजे. दिसली की माणूस हसतो, न्हाई दिसली तर भितो. दुसरी, सोंग आपल्या हातानं धुवायचं न्हाई. घरातल्या माणसानं पाणी वतायचं आन् नात्यानं हाक मारायची. हाक आल्याबिगर उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई, न्हाई तर सोंग अंगात ऱ्हातं. आधी बायको पाणी वतायची. ती गेल्यावर नात वतायला लागली. "आज्या, उतर आता," म्हणायची. मला ह्या गोष्टीचं हसू यायचं. आता येत न्हाई.

नात मंजी पोराची पोरगी. पोरगा पुण्याला गाडीवर असतो. सून आन् नात माझ्यापशी, लिंबागणेशला रोडच्या कडंला पत्र्याच्या घरात. नात बारावी सायन्सला. रोज एस्टीनं बीडला क्लासला जाती. आमच्या सगळ्या घरांत दहावीच्या फुडं गेलेली ती पयली. रंगानं माझ्यावर गेलीय, मंजी तव्याच्या मागच्या बाजूवर. बाकीच्या पोरी डॉक्टर व्हायचं म्हणत्यात, हिला शोध लावायचाय. कसला, म्हणून इचारलं तर म्हणती, "ठाऊक असतं तर शोध कशाला म्हणले असते, आज्या?"

तिनं भिंतीवर, तिच्या आजीच्या फोटूच्या बाजूला, एका परदेशी शास्त्रज्ञाचा फोटू चिकटवलावता. गोरा म्हातारा, पांढरे केस, गळ्यापत्तोर कॉलर आन् टाय. त्येनं काय शोधलंय ते तिनं मला लई येळा समजावलं. मी नंदीबैलावानी मान हालवायचो. ती अभ्यासाला बसली की अधनंमधनं त्येच्याकडं बघायची, जशी तिची आजी देवाकडं बघायची.

मंग ती बातमी आली. त्या म्हाताऱ्यानं कुटंतरी बोलता बोलता सांगून टाकलं म्हणे, की काळी माणसं जल्मताच अकलेनं कमी. रक्तातच असतं ते, शिकवून उपेग न्हाई. तिकडं गदारोळ झाला. कुणी त्येला शिव्या घातल्या, कुणी त्येची बाजू घेतली. आन् ते भांडण मोबाईलमधनं आमच्या टपरीवर आलं.

"म्हातारपणी सरकलंय त्येचं," एक म्हणला.

"सरकंल कसं? शास्त्रज्ञ हाय बे त्यो," दुसरा म्हणला. "तपासल्याबिगर बोलंल का?"

मी म्हणलो, "तपासलंय की. मला बघूनच बोलला असणार."

टपरी हसली. मला चहा फुकट मिळाला. बरा लागला तवा.

त्याच दिवशी नात क्लासहून आली ती गप. वर्गात एका पोरानं म्हणलंवतं, "मंग ही फुडच्या बाकावर कावून बसली? मागं जागा हाय की." सगळे हसले.

"मंग तू काय केलं?" मी इचारलं.

"मी बी हसले."

हे माझ्याकडनंच गेलेलं. हसणाऱ्यात सामील झालं की मार कमी बसतो, हे आमच्यात पोराला चालायच्या आधी कळतं.

भाकरी मोडता मोडता ती म्हणली, "आज्या, एवढा हुशार माणूस चुकतो का?"

"कशाला चुकंल? माझ्याकडं बघ की!" मी म्हणलो आन् डोळे तिरळे केले. सून हसली. नात न्हाई हसली. तिला खरंच उत्तर पायजे होतं, आन् माझ्या झोळीत सोंगाबिगर दुसरं कायच नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, सोंगच आणायचं. ह्या म्हाताऱ्याचं. फौजदाराला लोक हसले की फौजदार बारका होतो. मंग हा बी होईल, आन् पोरीला हसू येईल. असं माझं शास्त्र.

मधी मोबाईलवर पोरं पळवणाऱ्यांची आवई उठलीवती, तवापासनं लांबच्या गावाला मी सोंग नेत न्हाई. अनोळखी माणूस वेश करून आला की लोक आधी हाणत्यात, मंग इचारत्यात. पण चतुर्थीला गणपतीला गर्दी असती, आन् गाव वळखीचं. डॉक्टरचा जुना कोट काढला. घायपाताच्या वाखाचे पांढरे केस केले. खोबऱ्याच्या तेलात सफेदा कालवून तोंडाला थापला. मान तेवढी काळी ठेवली, ती खोट. शेजारच्या टेलरकडनं टेप मागितली.

"चाचा, आज कपडे शिवतो का काय?" टेलर म्हणला.

"न्हाई, डोस्की मोजायचीत."

"मंग माझं पयलं घे. बायको म्हणती, उसवलंय."

देवळाच्या रस्त्याला टपरीफुडं मी हुबा ऱ्हायलो आन् वरडलो, "थांबा! हलू नका! आमी सातासमुद्रापलीकडनं आलोय. तुमची डोस्की मोजायचीत!"

टपरीवाला हात पुसत फुडं आला. "मोजा सायब."

टेप गुंडाळली, डोळे बारीक करून बघितलं. "अठरा इंच! त्येच्यात बारा इंच निस्ती साखर!"

लोक खदाखदा हसले. मला आकडा वाचता येत न्हाई, मी तोंडाला येईल ते सांगत होतो. एकाला नऊ सांगितलं, एकाला पावणेदोन. गर्दी वाढली. मंग एकानं एका ऊसतोड्याला दंडाला धरून वढलं. "सायब, ह्येचं मोजा, ह्येचं मुंडकं उसाच्या वाढ्यावानी!" तो गडी हसत हसत वाकला. मी म्हणलो, "रस कवाच गेलाय, चिपाड ऱ्हायलंय." लोक हसले, तो बी हसला, आन् मंग तोच म्हणला, "सायब, आमच्या टोळीत एक हाय, त्येचं मोजा. मंग माझं बरं म्हणाल." त्येनं त्येला वढलं. वढलेल्यानं तिसऱ्याकडं बोट केलं. "त्येंच्या गल्लीतलं मोजा, सायब, तितं टेप रिकामीच येईल!"

जो तो आपल्या खालचं डोस्कं माझ्याफुडं आणायला लागला. वरचं कुणीच आणंना. सरपंचाचं मोजा, असं एक बी माणूस म्हणला न्हाई. मी बी म्हणलो न्हाई. एक रिटायर मास्तर होते, ते हसत नव्हते. शेजारच्याला हळूच म्हणले, "गमतीवारी नेऊ नका, ह्यात तथ्य असतं," आन् माझ्या झोळीत नोट टाकली.

मी मानेला हात लावून बघितला. खोट जागेवर होती. मान काळीच्या काळी, उघडी. तिकडं कुणी बघतच नव्हतं.

तेवढ्यात बीडची एस्टी आली आन् नात उतरली. गर्दीतनं कुणीतरी वरडलं, "हिचं मोजा सायब! ही शिकाया जाती!" मला वाटलं, ती खाली बघून घरला जाईल. ती सरळ माझ्याफुडं आली. दप्तर भुईवर ठिवलं. मान वाकवली.

"मोजा, सायब," ती म्हणली.

आज्या न्हाई म्हणली. सोंगाला सायबच म्हणायचं असतं, तिनं बरोबरच म्हणलं. मी टेप गुंडाळली. तिच्या केसाला माझ्याच घरच्या तेलाचा वास येत होता. त्या सगळ्या गर्दीत तिला एकटीलाच ठाऊक होतं की ह्या सायबाला आकडा वाचता येत न्हाई. ती वाट बघत होती. मला बी ठाऊक होतं, आता कायतरी चांगलं बोलायचंय. "टेप पुरंना," एवढं म्हणलो असतो तरी झालं असतं. आता सुचतंय.

पण लोकांचं हसू कुटनं येणार हे माझ्या तोंडाला माझ्याआधी कळतं. जल्माची सवय. तोंड बोललं, "वाया! ह्येला कितीबी शिकवा, उपेग न्हाई!"

तेवढं हसू मला कवाच मिळालं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आन् खरं सांगतो, तो आवाज माझा नव्हता. फौजदाराचा आवाज मी काढतो, डॉक्टरचा काढतो. हा मी काढला न्हाई. हा आतच बसलेला होता, आपला आपला निघाला.

ती दप्तर उचलून घरला गेली.

मी मागनं गेलो आन् दारातल्या दगडावर बसलो. पाणी आलं न्हाई. सून दोनदा आत जाऊन आली, मंग तीच तांब्या घिऊन आली. "मामा, मी वतते." तिनं वतलं, "मामा, उतरा," म्हणली. तोंड घासलं. पण तेलातला सफेदा पाण्यानं कुटं जातो? सुरकुत्यांत ऱ्हायला, कानाच्या मागं ऱ्हायला. मी आत गेलो. भिंतीवर म्हातारा होता. फोटूत त्येच्या गळ्याला कॉलर, त्येच्यावर टाय. खोट कुटं ठिवलीय ते बघायला जागाच न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेली न्हाई. तिसऱ्या दिवशी न्हाई. पुस्तकं झाकून ठिवली. भांडी घासली, शेरडाला पाला आणला, सगळं केलं. माझ्याशी बोलायची, पण हाक मारायची न्हाई. "जेवाया घ्या," म्हणायची. मला जल्मात तिनं अहोजाहो केलं नव्हतं.

आन् माझं भलतंच सुरू झालं. टपरीवर चहा पिताना माझे डोळे टपरीवाल्याच्या डोस्क्यावर जायचे, आन् आतला आवाज म्हणायचा, बारका हाय. सून भाकरी थापायची, मी तिच्या कपाळाकडं बघत बसायचो. कुणी रस्त्यानं चाललं की रंग आधी दिसायचा, माणूस मंग. दाढी करताना आरशात बघितलं तर कानामागं पांढरं. घासून घासून कातडं लाल झालं. गावातली लेकरं सुतळी घिऊन एकमेकाची डोस्की मोजायला लागली. "तू वाया, तू वाया!" मी त्येंना हाकललं तर म्हणली, "सायब, तुमीच शिकवलं की!"

मला कुणी नावानं हाकच मारंना. सगळे सायब म्हणायला लागले.

टेलरनं टेप मागितली तवा ती माझ्या खिशातच होती. देण्याआधी मी दगडावर बसलो. नात शेरडाला पाणी पाजत होती. "माझं डोस्कं मोज," मी म्हणलो.

तिनं बादली खाली ठिवली. मला वाटलं, न्हाई म्हणंल. मंग आली, टेप घेतली, कपाळावरनं नीट फिरवली. वाकून बघितलं.

"बावीस."

"बावीस मंजी किती हुशार?"

तिनं टेप माझ्या डोळ्याफुडं धरली. मंग म्हणली, "टेपवर निस्ते इंचच असत्यात."

"आन् त्यो?" मी आतल्या भिंतीकडं बोट केलं. "त्येला ठाऊक नव्हतं का हे?"

"त्येचा शोध बरोबर हाय," ती म्हणली. "तेवढा बरोबर हाय. ह्येचं त्येनं..." आन् थांबली. टेप गुंडाळत ऱ्हायली, लई येळ, एवढीशी टेप. "ह्येचं, अकलेचं, त्येनं काय मोजलंच न्हाई, निस्तं बोलला. तुझ्यावानी."

तुझ्यावानी म्हणली. शिवी होती का काय, मला कळलं न्हाई. पण 'तू' परत आलंवतं.

सकाळी तिनं दप्तर काढलं. फोटूकडं बघितलं, काढला न्हाई, त्येच्या बाजूची आजी तेवढी पुसली. मी लांबनं तिच्या मागं थांब्यापत्तोर गेलो. टपरीवर माणसं होतीच.

"काय सायब!" एक जण वरडला. "नातीचं मोजलं, काय निघालं बे शेवटी?"

माझं तोंड उघडलं. काय येणार होतं ते मला ठाऊक हाय, म्हणून सांगत न्हाई.

तेवढ्यात ती तिकडनं मोठ्यानं म्हणली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आज्या! हिकडं ये. गाडी आली."

मी गेलो. दप्तर वर दिलं. दाराच्या दांड्याला धरून तिनं वाकून माझ्या कानामागं बोट फिरवलं, बघितलं, आन् तिच्या आजीनं पदराला पुसावं तसं ते बोट ओढणीला पुसलं. गाडी हलली.

मागं टपरीवर कुणीतरी हसलं. आवाज वळखीचा होता, त्या दिवशी माझ्या तोंडातनं निघालेला. मी वळून बघितलं न्हाई.