मऊ तंगूस

परवा सून मण्यांची माळ ओवायला तंगुसाचं रीळ घेऊन बसली आणि त्या नायलॉनच्या वासाने मी थेट बहारीनला, झल्लाकच्या किनाऱ्यावर जाऊन पोचलो. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट, मी तिथे नोकरीला होतो. आमच्या खोलीतले मालवणकडचे काका नोकरी सोडून कायमचे गावी निघाले होते, आणि जाण्याआधीच्या सुट्टीच्या शुक्रवारी त्यांना एकदा मासे गरवायला जायचं होतं. मी सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, निघालो तेव्हा त्यांनी बजावलं, "थंडीत जाड तंगूस तारेसारखो ताठरता, गाठ रवणा नाय. मऊ बघून घेवन ये." दुकानात मऊ रीळ एकच उरलं होतं. त्यांचा तर हा शेवटचाच शुक्रवार, असं मनाशी म्हणून ते मी पुढे स्वतःला गरवायला म्हणून लपवून ठेवलं आणि त्यांच्या हातात जाड देत म्हणालो, "काका, मऊ खलास." शुक्रवारी सकाळी वारा नुसता बोचत होता. तासाभराने त्यांच्या गरीला मोठा हामूर लागला. पाण्यावर त्याची पाठ दिसली, काका पोरासारखे ओरडले, आणि तेवढ्यात ताठरलेल्या तंगुसाची गाठ सुटली. मासा गेला. हातातल्या मोकळ्या तंगुसाकडे बघत ते म्हणाले, "तंगूस बरो होतो रे. माझीच बोटां आता म्हातारी झाली." मी मान डोलावली. गावी निघताना त्यांनी आपल्या सगळ्या गऱ्या मला देऊन टाकल्या. त्या अजून कपाटात आहेत, गंजलेल्या. खोटं बोललो ते एक वेळ सोडा, पण तेव्हा मान तरी डोलवायला नको होती.