लढाया सांग, तुमचं नको

"लढायांचं सांग. तुमचं ते मध्ये आणू नकोस."

असं म्हणत काकांनी माझ्या हातातून प्रोजेक्टरचा रिमोट काढून घेतला. भरल्या हॉलमध्ये. माझं वाक्य अर्धं तोंडातच राहिलं.

काका म्हणजे आमच्या ब्रिस्टलच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. रिटायर्ड सर्जन. मी नागपूरची, विमानांच्या इंजिनांवर काम करणारी इंजिनिअर. साल २००७. इंग्रजांनी गुलामांचा व्यापार बंद केला त्याला दोनशे वर्षं झाली, म्हणून शहरभर प्रदर्शनं चालली होती. याच बंदरातून ती जहाजं सुटायची. मंडळालाही काहीतरी करायचं होतं. विषय ठरला, अमेरिकेतलं यादवी युद्ध. समुद्रापलीकडचं. कुणाला टोचणार नाही असं. बोलायला मी तयार झाले.

अँटिएटमची लढाई सांगितली. त्यानंतर निघालेला गुलाममुक्तीचा जाहीरनामा सांगितला. गेटिसबर्गची लढाई सांगितली. लोक माना डोलवत होते.

मग मी म्हणाले, "पण वारं फिरलं ते याच्याही आधी. गुलाम स्वतःच मळे सोडून पळाले. बायका-लेकरं घेऊन उत्तरेच्या सैन्याच्या छावण्यांच्या दारात उभे राहिले. यांना परत पाठवायचं की नाही, हे सरकारला ठरवावंच लागलं. पुढे त्यांच्यातल्याच पुरुषांनी बंदुका घेतल्या. मुक्ती कुणी वाटली नाही. त्यांनी ती..."

तिथं रिमोट गेला.

"तुमचं म्हणजे काय, काका?"

"कळतंय तुला." मग लोकांकडे वळून, "यांना जिकडेतिकडे तेच दिसतं!"

हॉल हसला.

आणि मी बसले. हे सांगताना अजून स्वतःचाच संताप येतो. गुपचूप जाऊन खुर्चीत बसले. उरलेलं भाषण काकांनी केलं. अमेरिकेच्या थोर मनाच्या राष्ट्राध्यक्षानं बेड्या तोडल्या. टाळ्या.

चहाच्या वेळी काकू जवळ आल्या. "मनावर घेऊ नकोस गं. बोलतेस किती छान! आडनाव ऐकलं नसतं तर वाटलंच नसतं."

"काय वाटलं नसतं, काकू?"

त्यांनी बटाटेवड्याची प्लेट पुढे केली. "घे ना."

नागपूरच्या कॉलेजात हेच. पुण्याच्या पहिल्या नोकरीत हेच. व्हिसा मिळाला तेव्हा वाटलं होतं, सुटले. कसलं काय. लोणच्याच्या बरण्यांबरोबर हेही बॅगेत भरून आणलं होतं लोकांनी.

मी वडा घेतला नाही. पुढे गेले. लॅपटॉप माझाच होता.

"माझं बोलणं संपलेलं नाही."

"हॉल पाचपर्यंतच बुक आहे," काका म्हणाले.

"मग पाचपर्यंत बोलते."

लोक कोट शोधायला लागले. खुर्च्या सरकल्या. मी बोलत राहिले. पकडले गेलो तर आपल्याला कैदी न करता ठार मारतील हे माहीत असूनही ते काळे सैनिक लढायला कसे गेले, ते सांगितलं. काका माझ्याकडे पाठ करून कप गोळा करत होते.

पार्किंगमध्ये स्नेहा भेटली. माझ्याच ऑफिसातली, हसणाऱ्यांत नव्हती.

"बरोबर होतीस गं तू. पण टोन जरा..."

"तू का नाही बोललीस?"

ती गाडीची किल्ली शोधत राहिली.

त्यानंतर मंडळाचे ईमेल यायचे बंद झाले. माफी कुणी मागितली नाही. मागणारही नाहीत, आणि मी वाटही बघत नाही. पण मंडळ सोडायचं नाही, हे मी ठरवलं. तेच तर त्यांना हवंय. पुढच्या कार्यक्रमाला जाणार. न बोलावता. पहिल्या रांगेत बसणार. गुलामगिरीवर बोलताना कुणी गुलामांनाच गाळलं, तर हात वर करून परवानगी मागणार नाही. सरळ उभी राहणार. आणि या वेळी पूर्ण बोलल्याशिवाय बसणार नाही.